बर्फावरची नोकरी : व्यावसायिक आइस हॉकीपटूच्या पेशाचा इतिहास

आइस हॉकी खेळून पोट भरता येते ही कल्पना खुद्द खेळापेक्षा सुमारे तीस वर्षांनी धाकटी आहे. ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरात, व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकच्या छपराखाली जेम्स क्रायटन यांच्या पुढाकाराने पहिला संघटित सामना झाला, तेव्हा दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू होते आणि त्यांतल्या कोणालाही पैसे मिळाले नव्हते. मिळावेत अशी अपेक्षाही नव्हती. इंग्रजी वळणाच्या क्लबांत खेळ हा सभ्य गृहस्थाचा विरंगुळा मानला जाई आणि खेळाचा मोबदला घेणे हे कमीपणाचे समजले जाई. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी १८९२ मध्ये चषक देऊ केला, तोही कॅनडातील सर्वोत्तम हौशी संघासाठी. पुढे याच स्टॅनली चषकासाठी खेळाडूंची खरेदी-विक्री होऊ लागली.

ऑन्टारिओ प्रांताची हॉकी संघटना १८९० मध्ये स्थापन झाली आणि तिने हौशीपणाचा नियम सर्वांत कडकपणे राबवला. बर्लिन (आजचे किचनर) या गावच्या संघाने शेजारच्या वॉटर्लूला हरवल्यावर खूश झालेल्या नगराध्यक्षांनी प्रत्येक खेळाडूला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले. या अपराधाबद्दल १८९८ मध्ये सबंध संघ संघटनेतून काढला गेला. त्या संघात जॅक गिब्सन नावाचा तरुण होता. दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन तो अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील हॉटन या गावी गेला आणि तिथे या पेशाचा पाया घातला गेला.

खाणींचा पैसा

हॉटन हे सुपीरिअर सरोवराकाठच्या तांब्याच्या खाणींचे गाव. हिवाळा दीर्घ, खाणीत कमावलेला पैसा खिशात आणि करमणुकीची साधने थोडी. गिब्सन यांनी तिथे पोर्टेज लेक हा संघ बांधला आणि कॅनडातून चांगले खेळाडू उघड पगारावर आणले. १९०४ मध्ये हॉटन, कॅल्युमेट, पिट्सबर्ग आणि नदीच्या दोन तीरांवरची दोन सू सेंट मारी अशा पाच संघांची इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीग सुरू झाली. उघडपणे व्यावसायिक असलेली ही पहिली हॉकी लीग. ती १९०७ पर्यंतच टिकली, पण तीन हंगामांत तिने कॅनडाच्या क्लबांची अडचण केली. चांगला खेळाडू सीमेपलीकडे जाऊ द्यायचा नसेल तर त्याला घरीच पैसे द्यावे लागणार होते. १९०६ मध्ये पूर्व कॅनडाच्या प्रमुख संघटनेने हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंना एकत्र खेळण्याची मुभा दिली. पाकिटातून गुपचूप दिला जाणारा पैसा आता उघडपणे दिला जाऊ लागला.

यानंतरची दोन-तीन वर्षे खेळाडूच्या सुगीची होती. ऑन्टारिओतल्या कोबाल्ट परिसरात चांदी सापडली होती आणि तिच्यातून श्रीमंत झालेल्या ओब्रायन कुटुंबाने रेनफ्रू या छोट्या गावासाठी स्टॅनली चषक जिंकायचा चंग बांधला. प्रमुख संघटनेने रेनफ्रूला दार बंद केले, तेव्हा अँब्रोज ओब्रायन यांनी डिसेंबर १९०९ मध्ये नॅशनल हॉकी असोसिएशन ही वेगळी संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. माँट्रियल कॅनेडियन्स हा आजही नावाजलेला संघ त्यांच्याच पैशातून जन्मला. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक हे बंधू रेनफ्रूला आले, आणि ‘सायक्लोन’ म्हणजे चक्रीवादळ या नावाने ओळखले जाणारे फ्रेड टेलर १२ सामन्यांच्या हंगामासाठी ५,२५० डॉलरवर आले. एवढे करूनही चषक रेनफ्रूला मिळाला नाही.

टेलर यांच्या आयुष्यात त्या काळच्या पेशाचे दुसरे अंगही दिसते. सर्वाधिक पगार घेणाऱ्या या खेळाडूने सरकारी नोकरी सोडली नव्हती. ते कॅनडाच्या स्थलांतर खात्यात होते, आणि व्हँकुव्हरसाठी खेळू लागल्यावर त्याच शहरात अधिकारी म्हणून काम करत होते. १९१४ च्या मे महिन्यात ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन ‘कोमागाता मारू’ जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात आले आणि कॅनडाने त्यांपैकी बहुतेकांना उतरू देण्यास नकार दिला. त्या जहाजावर सर्वप्रथम चढलेला स्थलांतर अधिकारी म्हणजे हेच फ्रेड टेलर. पुढच्या वर्षी, १९१५ मध्ये, त्यांनी व्हँकुव्हरला स्टॅनली चषक जिंकून दिला. हॉकीचा पगार कितीही मोठा असला तरी तो दोन-तीन महिन्यांचा आणि पायात बळ असेपर्यंतचा होता. पेन्शनची नोकरी त्याहून भरवशाची होती.

बर्फ ज्याच्या मालकीचा

सुगी फार काळ टिकली नाही. १९१०-११ च्या हंगामात नॅशनल हॉकी असोसिएशनच्या मालकांनी प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. आदल्या वर्षी एकट्या टेलर यांना याहून अधिक मिळाले होते. आर्ट रॉस यांच्यासारख्या खेळाडूंनी वेगळी लीग काढण्याची भाषा केली, पण खेळायचे कुठे, हा प्रश्न निघाला. रिंक मालकांच्या हातात होत्या आणि रिंकविना हॉकीपटूच्या कौशल्याला गिऱ्हाईक नव्हते. खेळाडू मुकाट परत आले.

या कोंडीतून काही काळ वाट निघाली ती पश्चिम किनाऱ्यावर. पॅट्रिक बंधूंनी वडिलांच्या लाकूड व्यवसायाच्या विक्रीतून आलेला पैसा घालून व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया इथे कृत्रिम बर्फाच्या रिंक बांधल्या आणि १९११ मध्ये पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन सुरू केली. पूर्वेत पगार पटला नाही तर खेळाडूला आता पश्चिमेचा रस्ता होता, आणि दोन गिऱ्हाइके असली की भाव चढतो. १९२६ मध्ये पश्चिमेची लीग बंद पडली. तिच्या खेळाडूंचे करार पूर्वेकडच्या नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, संघांना विकले गेले. २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रियलच्या विंडसर हॉटेलात स्थापन झालेली ही लीग आता वरच्या दर्जाच्या हॉकीची एकमेव मालक उरली.

एकमेव मालकाशी भांडण कसे संपते, हे त्याआधीच एका संघाने अनुभवले होते. १९२४-२५ मध्ये एनएचएलने हंगाम २४ सामन्यांवरून ३० वर नेला. गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या हॅमिल्टन टायगर्सच्या खेळाडूंनी वाढीव सामन्यांसाठी प्रत्येकी २०० डॉलर मागितले, आणि ते न मिळाल्यास अंतिम फेरी खेळणार नाही, असे कळवले. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनी सर्वांना निलंबित करून दंड ठोठावला. खेळाडूंचे करार न्यूयॉर्कच्या नव्या संघाला ७५,००० डॉलरला विकले गेले. त्या संघामागचा पैसा बिल ड्वायर या बेकायदा दारूच्या व्यापाऱ्याचा होता. हॅमिल्टन शहर एनएचएलमधून कायमचे गेले. पुढे मंदीच्या काळात, १९३२-३३ मध्ये, लीगने एका खेळाडूच्या पगाराची कमाल मर्यादा ७,५०० डॉलर ठरवली, तेव्हा तिला थोपवू शकेल अशी संघटना खेळाडूंकडे नव्हती.

सहा संघ आणि एक सही

१९४२ पासून १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये सहाच संघ होते : माँट्रियल, टोरांटो, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. हा काळ हॉकीचे सुवर्णयुग म्हणून आठवला जातो. खेळाच्या दर्जाबाबत ते खरेही आहे, कारण जगभरात वरच्या पातळीवरच्या जागा सुमारे १२० होत्या आणि त्यांच्यासाठी कॅनडाच्या गावोगावची मुले झुंजत होती. पण जागा थोड्या आणि उमेदवार अनेक असले की मालकाला हवा तसा पगार ठरवता येतो.

खेळाडू बांधला जाई तो दोन गाठींनी. पहिली गाठ राखीव कलमाची. करार संपला तरी खेळाडूवरचा क्लबचा हक्क संपत नसे. क्लब त्याला राखून ठेवू शके, विकू शके, खालच्या लीगमध्ये पाठवू शके, आणि दुसरा संघ त्याच्याशी बोलणीही करू शकत नसे. दुसरी गाठ किशोरवयातच बसे. एनएचएलचे संघ कुमारांच्या क्लबांना पैसे पुरवत आणि त्या बदल्यात तिथल्या खेळाडूंवर हक्क मिळवत. ‘सी फॉर्म’ नावाच्या कागदावर सही झाली की मुलाची हॉकीतील सारी कारकीर्द त्या क्लबच्या नावे होई. मुलगा अल्पवयीन असल्याने सही आईवडिलांचीही लागे आणि बदल्यात हातावर छोटी रक्कम पडे. पॅरी साउंड गावच्या बॉबी ऑर यांना बोस्टनने १९६२ मध्ये असे बांधून घेतले, तेव्हा त्यांचे वय १४ होते.

या व्यवस्थेत क्वचितच कोणी मालकाला ताटकळत ठेवू शके. झाँ बेलिव्हो यांनी ते केले. माँट्रियल कॅनेडियन्सचा त्यांच्यावर हक्क होता, पण ते क्वेबेक शहरातल्या नावापुरत्या हौशी संघातून खेळत होते आणि तिथे त्यांचे उत्तम चालले होते. शेवटी कॅनेडियन्सनी तो संघ खेळत असलेली सबंध लीगच विकत घेऊन व्यावसायिक केली आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये बेलिव्हो यांना पाच वर्षांसाठी १,०५,००० डॉलर देऊन आणले.

बाकीच्यांची गत वेगळी होती. डेट्रॉइटचे गॉर्डी हाउ हे त्या काळातले सर्वांत मोठे नाव. वर्षानुवर्षे ते व्यवस्थापनाने पुढे केलेल्या करारावर सही करत आणि आपला पगार संघात सर्वाधिक आहे असे समजत. तसे नाही, हे त्यांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस बॉबी बाउन या सहकाऱ्याकडून कळले. एकमेकांचा पगार न विचारण्याचा शिरस्ता मालकांच्या पथ्यावर पडत होता. सर्व खेळाडूंचे पगार खेळाडू-संघटनेने उघड केले ते थेट १९८९-९० च्या हंगामात.

फसलेली संघटना

खेळाडूंचा पेन्शन निधी १९४७ मध्ये सुरू झाला. त्यात खेळाडूंनी दरवर्षी ९०० डॉलर घालायचे होते आणि हिशेब मात्र मालकांकडे होता. हा हिशेब मागण्यावरूनच पहिली संघटना उभी राहिली. डेट्रॉइटचे टेड लिंडसे आणि माँट्रियलचे डग हार्वी यांनी सहाही संघांतल्या खेळाडूंशी गुपचूप बोलून फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडू-संघटना जाहीर केली. बर्फावर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी ही मंडळी बाहेर बोलतही नसत, त्यामुळे ही एकी मालकांना अनपेक्षित होती.

उत्तर लवकर आले. लिंडसे त्या हंगामात कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ खेळले होते, तरी जुलै १९५७ मध्ये त्यांना तळाच्या शिकागो संघाला देऊन टाकण्यात आले. डेट्रॉइट आणि शिकागो हे दोन्ही संघ नॉरिस कुटुंबाच्या हातात होते. नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटचे खेळाडू संघटनेतून बाहेर पडले आणि १९५८ च्या सुरुवातीला मालकांनी ७,००० डॉलरचे किमान वेतन व पेन्शनमधली सुधारणा मान्य केल्यावर संघटना संपली. मागण्यांतला थोडा भाग पदरात पडला, मात्र करारबंधनाला धक्काही लागला नाही.

दहा वर्षांनी ठिणगी पडली ती खालच्या लीगमध्ये. स्प्रिंगफील्ड संघाचे मालक एडी शोर हे स्वतः थोर माजी खेळाडू आणि विलक्षण जाचक मालक. १९६६ च्या डिसेंबरात त्यांनी काही खेळाडूंना निलंबित केले, तेव्हा संघाने खेळणेच थांबवले आणि टोरांटोचे वकील ॲलन ईगलसन यांना बोलावले. शोर यांना कारभारातून बाजूला व्हावे लागले. ईगलसन याच सुमारास बॉबी ऑर यांचे प्रतिनिधी होते आणि त्यांनी ऑर यांना मिळवून दिलेल्या पहिल्या कराराने इतर खेळाडूंचे डोळे उघडले होते. १९६७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली नवी खेळाडू-संघटना स्थापन झाली आणि मालकांनी तिला मान्यता दिली. त्याच वर्षी एनएचएलचे संघ सहावरून बारा झाले, म्हणजे जागा दुपटीने वाढल्या. कुमार क्लबांना पोसण्याची पद्धतही मोडीत निघाली. तिच्या जागी १९६३ मध्ये लहान प्रमाणावर सुरू झालेला वार्षिक ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, आला, आणि १९६९ पासून तो सर्व होतकरू खेळाडूंना लागू झाला.

दुसरे गिऱ्हाईक

राखीव कलम मोडले ते प्रतिस्पर्धी लीगने. वर्ल्ड हॉकी असोसिएशन १९७२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या विनिपेग संघाने शिकागोचे बॉबी हल यांना केवळ सही करण्यासाठी दहा लाख डॉलर दिले. इतर खेळाडूंच्या मागे एनएचएल न्यायालयात गेली. नोव्हेंबर १९७२ मध्ये फिलाडेल्फियाचे न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी राखीव कलमाच्या आधारे खेळाडूंना अडवण्यास एनएचएलला मनाई केली. १९१० च्या सुगीत जे घडले तेच पुन्हा घडले : दोन लीग, चढाओढ आणि वाढते पगार. निवृत्त झालेले गॉर्डी हाउ १९७३ मध्ये या लीगमधून आपल्या दोन मुलांसह परत बर्फावर उतरले, आणि त्यांचा शेवटचा हंगाम संपला तेव्हा त्यांनी वयाची ५२ वर्षे पूर्ण केली होती. १९७८ मध्ये १७ वर्षांच्या वेन ग्रेट्झ्कीला पहिला व्यावसायिक करार मिळाला तोही इथेच. १९७९ मध्ये ही लीग बंद पडली आणि तिचे चार संघ एनएचएलमध्ये सामील झाले.

या लीगने कॅनडाबाहेरच्या खेळाडूंनाही दार उघडले. अँडर्स हेडबर्ग आणि उल्फ निल्सन हे स्वीडिश खेळाडू १९७४ मध्ये विनिपेगला आले. स्वीडनचेच बोर्ये साल्मिंग त्याआधी एक वर्ष एनएचएलच्या टोरांटो संघात दाखल झाले होते. पूर्व युरोपातून येणे इतके सोपे नव्हते. पीटर आणि अँटन स्टॅस्टनी या बंधूंनी १९८० मध्ये ऑस्ट्रियातील स्पर्धेवरून चेकोस्लोव्हाकियाला परत न जाता क्वेबेक गाठले. सोव्हिएत संघात खेळाडू कागदोपत्री हौशी आणि प्रत्यक्षात लष्करी अधिकारी असत. वर्षातला बहुतेक काळ त्यांना छावणीत राहावे लागे. इगोर लारिओनोव यांनी १९८८ मध्ये ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात खुले पत्र लिहून या कारभारावर टीका केली. पुढच्या वर्षी सर्गेई प्रियाकिन हे परवानगीने एनएचएलमध्ये आलेले पहिले सोव्हिएत खेळाडू ठरले, अलेक्झांडर मोगिल्नी स्टॉकहोमहून परस्पर निघून गेले आणि मग लारिओनोव व त्यांचे संघसहकारी फेतिसोव यांचीही वाट मोकळी झाली. त्याच १९८९-९० च्या हंगामात ब्रिटिश कोलंबियात वाढलेले रॉबिन बावा हे एनएचएलमध्ये खेळणारे पहिले भारतीय वंशाचे खेळाडू ठरले.

संप आणि टाळेबंदी

९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनने ग्रेट्झ्की यांना लॉस एंजेलिसकडे पाठवले, आणि त्या व्यवहारात दीड कोटी डॉलर रोख होते. खेळाडूची बाजारातली किंमत आणि त्याला मिळणारा पगार यांतली दरी यामुळे सर्वांना दिसली. खेळाडूंचा रोष मालकांइतकाच ईगलसन यांच्यावरही वळला. कार्ल ब्रूअर आणि इतर निवृत्त खेळाडूंनी पेन्शन निधीतल्या शिलकीसाठी दावा लावला आणि १९९२ मध्ये न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. पुढे ईगलसन यांच्यावर फसवणुकीचे खटले झाले. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. ज्याने संघटना उभारली त्यानेच तिला लुबाडले होते.

संघटनेचे नवे प्रमुख बॉब गुडेनाउ यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी एप्रिल १९९२ मध्ये दहा दिवसांचा संप केला. त्यानंतरची सर्व मोठी भांडणे मालकांच्या टाळेबंदीने झाली. १९९४-९५ चा हंगाम १०३ दिवसांच्या टाळेबंदीनंतर ४८ सामन्यांवर आला. २००३-०४ मध्ये सरासरी पगार १८ लाख डॉलरच्या वर गेला होता आणि मालकांना त्यावर मर्यादा हवी होती. २००४-०५ चा सबंध हंगाम रद्द झाला. अखेर खेळाडूंनी चालू करारांत २४ टक्के कपात आणि प्रत्येक संघासाठी ३.९ कोटी डॉलरची पगारमर्यादा मान्य केली. त्या बदल्यात सात हंगाम खेळलेल्या किंवा वयाची २७ वर्षे पूर्ण केलेल्या खेळाडूला करार संपताच हव्या त्या संघात जाण्याचा हक्क हळूहळू मिळाला. २०१२-१३ च्या आणखी एका टाळेबंदीनंतर लीगच्या उत्पन्नाची मालक आणि खेळाडूंत निम्मी-निम्मी वाटणी ठरली. उत्पन्नाबरोबर मर्यादाही वाढते. २०२५-२६ साठी ती ९.५५ कोटी डॉलर झाली.

शरीराचा हिशेब

पगारासारखीच सुरक्षितताही उशिरा आली. माँट्रियलचे गोलरक्षक जाक प्लांट यांच्या तोंडावर १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये चकती बसली. टाके घातल्यावर मुखवटा घालू दिला तरच परत जाईन, असे त्यांनी प्रशिक्षकांना सांगितले. संघात दुसरा गोलरक्षक नव्हता, म्हणून ते मान्य झाले. जानेवारी १९६८ मध्ये मिनेसोटाचे बिल मास्टर्टन डोके बर्फावर आपटून मरण पावले. तरी नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे झाले ते १९७९ मध्ये, आणि हेल्मेटविना खेळणारे शेवटचे खेळाडू क्रेग मॅक्टाविश १९९७ मध्ये निवृत्त झाले.

मेंदूच्या इजेचा प्रश्न याहून अवघड निघाला. प्रतिस्पर्ध्याशी मारामारी करण्यासाठीच काही खेळाडू संघात ठेवले जात. त्यांपैकी डेरेक बूगार्ड २०११ मध्ये २८ व्या वर्षी मरण पावले आणि त्यांच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा आजार आढळला. माजी खेळाडूंनी लावलेला दावा २०१८ मध्ये १.८९ कोटी डॉलरवर मिटला. लीगने जबाबदारी मान्य केली नाही.

आजची चाकोरी

आज ही कारकीर्द साधारण ठरलेल्या टप्प्यांनी जाते. कुमार लीग किंवा अमेरिकी विद्यापीठ, १८ व्या वर्षी ड्राफ्ट, तीन वर्षांपर्यंतचा पहिला करार, आणि बहुतेकांसाठी काही काळ अमेरिकन हॉकी लीग या दुय्यम लीगमध्ये उमेदवारी. ड्राफ्टमध्ये आयपीएलच्या लिलावासारखी पैशांची बोली लागत नाही. ३२ संघ सात फेऱ्यांत क्रमाने खेळाडू निवडतात आणि निवडलेल्याशी बोलण्याचा हक्क त्या संघाचाच राहतो. एरिक लिंड्रॉस यांनी १९९१ मध्ये क्वेबेकला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या संघाकडे जाण्यासाठी त्यांना वर्षभर थांबावे लागले. २०२५-२६ चा हंगाम ८२ सामन्यांचा, त्यापुढे जूनपर्यंत चालणारी चषकाची फेरी. त्या हंगामात किमान वेतन ७,७५,००० डॉलर होते. दोन पिढ्यांपूर्वीचे खेळाडू उन्हाळ्यात दुसरे काम शोधत, आताचे उन्हाळाभर सराव करतात.

महिलांचा व्यावसायिक खेळ या सगळ्याच्या मागून आला. मॅनॉन रेओम १९९२ मध्ये टँपा बेच्या सराव सामन्यात गोलरक्षक म्हणून उतरल्या, पण उत्तर अमेरिकेत महिलांना पगार देणारी लीग २०१५ पर्यंत नव्हती, आणि त्यानंतरही पगार तुटपुंजे होते. २०१९ मध्ये आघाडीच्या खेळाडूंनी अपुऱ्या व्यवस्थेत खेळण्यास नकार देऊन स्वतःची संघटना काढली. त्यातून आलेल्या प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ रोजी टोरांटोत झाला. किमान वेतन ३५,००० डॉलर आणि प्रत्येक संघात किमान सहा जणींना ८०,००० डॉलर किंवा अधिक, असा सामूहिक करार त्याआधीच, जुलै २०२३ मध्ये, खेळाडूंनी मंजूर केला होता. एनएचएलच्या खेळाडूंना मालकांनी मान्य केलेली संघटना मिळायला लीगच्या स्थापनेपासून पन्नास वर्षे लागली होती. महिला खेळाडूंनी मात्र सामूहिक करार हाती आल्यावरच बर्फावर पाऊल ठेवले.